शाळा चालू असताना केलेली फॅमिली टूर : टूर छान, 'अभ्यास पॅक' मात्र घेऊ नका

गेल्या टर्ममध्ये आम्ही शाळा चालू असताना फॅमिली टूर केली, सोमवारी निघून रविवारी परत, म्हणजे शाळेचे पाच दिवस बुडाले. एका टूर कंपनीचं खास 'शाळेच्या दिवसांतलं' पॅकेज होतं. परत आल्यापासून ओळखीतल्या चार-पाच जणींनी विचारलंय की कसं होतं, घ्यावं का, मुलांच्या अभ्यासाचं काय झालं, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढते. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण काही तक्रारी आहेत आणि असली पॅकेजेस आता बऱ्याच जणांकडे मिळतात, त्यामुळे घेताना काय बघायचं ते कळलं तर जास्त उपयोग होईल.

आमची परिस्थिती अशी की मोठी मुलगी पाचवीत, धाकटा पहिलीत. शाळांना मोठी सुट्टी लागते तेव्हाच नवऱ्याच्या कामाचा सगळ्यात घाईचा सीझन असतो, त्याला रजा मिळतच नाही. सलग तीन वर्षं सुट्टीत मी एकटीच मुलांना घेऊन कुठेतरी जाऊन आले आणि धाकट्याच्या फोटोंमध्ये बाबा कुठेच नाही हे एकदा लक्षात आलं तेव्हा आम्ही ठरवलं की यावर्षी चौघांनी मिळूनच जायचं, मग शाळा बुडली तरी चालेल. हे आधी सांगते कारण स्वस्त पडतं म्हणून आम्ही गेलो नव्हतो. स्वस्त पडलं हे खरंय, भरपूर फरक पडला, तीच खोली, तोच प्रवास, सुट्टीच्या आठवड्यात विचारलं तर आकडा ऐकून माणूस फोन ठेवेल, पण आमचं कारण ते नव्हतं.

बुकिंगपासून सुरू करते. फोनवर बोलणारा मुलगा नम्र होता, सगळं समजावून सांगितलं, लिंक पाठवली, एक दिवस पुढे-मागे करून हवा होता तोही करून दिला. पण मी विचारलं की शाळेने रजा नाकारली तर पैसे परत मिळतात का, तर म्हणाला मॅडम तसं कव्हर होत नाही, आणि पुढे लगेच म्हणाला, "त्यात काय एवढं, ताप आहे म्हणून कळवायचं, सगळे पेरेंट्स तेच करतात."

या एका वाक्यावर मला थांबावंसं वाटतंय, कारण दोन वर्षांपूर्वी आम्ही नेमकं तेच केलं होतं. तीन दिवसांसाठी एका लग्नाला जोडून फिरायला गेलो होतो आणि शाळेत कळवलं की मुलीला ताप आहे. मुलगी तेव्हा तिसरीत. तिथे नदीकाठी तिला एक गोटा सापडला होता, काळा, मधोमध पांढरी रेघ आरपार गेलेली, अंगठी घातल्यासारखी. घरी आल्यावर पहिली गोष्ट तिने काय केली असेल तर तो गोटा दप्तरात ठेवला, वर्गात दाखवायला. आणि मला सांगावं लागलं की बाळा, तो नको नेऊस, मॅडम विचारतील कुठे सापडला. तिने काही वाद घातला नाही, नुसता गोटा काढून खिडकीत ठेवला. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं की आपण हिला जगातली एक भारी गोष्ट दाखवली आणि वर सांगितलं की आता ही कुणाला सांगायची नाही. शिवाय वर्गात मैत्रिणी विचारत होत्या बरी आहेस का, तर तिला दोन दिवस बरं नसल्याचं नाटक करावं लागलं. तेव्हाच मी मनाशी पक्कं केलं होतं की परत कधी शाळा बुडवली तर खरं सांगूनच. त्यामुळे एखाद्या कंपनीचा माणूस गिऱ्हाईकाला खोटं बोलायचा सल्ला देतो तेव्हा मला खरंच राग येतो, कारण ते खोटं शेवटी पोटच्या पोराला निभवावं लागतं. हे मी कंपनीला फीडबॅकमध्ये स्पष्ट लिहिलंय.

बुकिंगच्या आधी मी थोडं वाचलं होतं की इतर ठिकाणी याबद्दल नियम काय आहेत, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा ते खूपच कडक निघाले. इंग्लंडमध्ये २०१३ पर्यंत मुख्याध्यापक फॅमिली हॉलिडेसाठी वर्षाला दहा दिवसांपर्यंत रजा देऊ शकायचे, त्या वर्षी नियम बदलला आणि आता अगदी अपवादात्मक कारण असेल तरच मिळते, ट्रिप हे सहसा अपवादात्मक धरत नाहीत. विनापरवानगी पाच दिवस झाले की दंडाचा विचार होतो, दिवसाचे सकाळ-दुपार असे दोन भाग धरतात म्हणून तिथे त्याला दहा सेशन म्हणतात, आणि ऑगस्ट २०२४ पासून दंड आहे ८० पौंड, तोही दर पालकामागे आणि दर मुलामागे, २१ दिवसांत भरला नाही तर १६० होतो. म्हणजे आई, बाबा आणि दोन मुलं असा हिशोब केला तर चार दंड. एका वडिलांनी यावर थेट सुप्रीम कोर्टापर्यंत केस लढवली, त्यांचं म्हणणं होतं की मुलगी एरवी नियमित शाळेत जाते, पण २०१७ मध्ये निकाल त्यांच्या विरोधात गेला, कोर्ट म्हणालं नियमित म्हणजे शाळेच्या नियमाप्रमाणे. जर्मनीत तर २०१८ मध्ये बव्हेरियातल्या मेमिंगेन विमानतळावर पोलिसांनी सुट्टी लागायच्या आधीच मुलांना घेऊन निघालेल्या कुटुंबांना विचारलं होतं की शाळेची परवानगी आहे का. हे वाचून नवरा म्हणाला आपल्याला कुणी विमानतळावर अडवणार नाहीये. बरोबर आहे, पण एवढा कडकपणा कशासाठी याचा विचार तरी करायला हवा ना, असं मला वाटत राहिलं.

मग आम्ही दोघं मुलीच्या वर्गशिक्षिकांना भेटायला गेलो, रीतसर अर्ज घेऊन, खरं कारण लिहून. मला वाटलं होतं बोलणी बसतील. त्यांनी अर्ज वाचला, वरती मुख्याध्यापिकांकडे पाठवते म्हणाल्या, आणि एकच प्रश्न विचारला, "तारखा बदलता येतील का? त्या आठवड्यात मी अपूर्णांकांची बेरीज सुरू करणार आहे." आता तारखा बदलता येत नव्हत्या, पैसे भरून झाले होते. त्या म्हणाल्या ठीक आहे, मग आल्यावर तुम्हाला घरी बसवून घ्यावं लागेल, मी थोडं सांगेन. रजा मिळाली. आज मागे वळून बघते तर माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली, आधी शाळेत विचारायला हवं होतं आणि मग पैसे भरायला हवे होते, मी उलटं केलं.

आणि इथेच तो 'अभ्यास पॅक' आला. कंपनी हे वेगळे पैसे घेऊन देते : वर्गाप्रमाणे वर्कशीट्स, नेटशिवाय चालणारं एक ॲप, आणि टूरवर रोज एक तास 'स्टडी कोऑर्डिनेटर' मुलांना घेऊन बसणार. जाहिरातीत मोठ्या अक्षरात लिहिलंय की अभ्यासाचं नुकसान होणार नाही. माझ्या मनात अपूर्णांकांची टोचणी होतीच, मी लगेच दोघांसाठी घेतलं.

आता टूरबद्दल. टूर म्हणून विचाराल तर मनापासून चांगली होती. जंगलाच्या कडेला मुक्काम, गर्दी नाही, कुठे रांग नाही. सुट्टीत अशा ठिकाणी दर दहा पावलांवर माणूस आणि दर माणसाच्या हातात फोन असतो, इथे पहाटे चालायला निघालो तर आमचा ग्रुप सोडला तर कुणीच नव्हतं, पानावरून दव पडल्याचा आवाज ऐकू येत होता. मुलांना घाई करायला लागली नाही हे सगळ्यात मोठं सुख.

गाइड काका होते त्यांना मी दहापैकी दहा देईन. दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या कडेला चिखलात एक ठसा दिसला. काका खाली बसले, मुलांना गोल बसवलं, आणि काही न सांगता विचारलं, "काय काय दिसतंय ते बोला." एक म्हणाला कुत्रा. काकांनी आपली करंगळी बोटाच्या ठशापुढे ठेवली, जिथे नख उमटायला हवं तिथे, आणि म्हणाले इथे काही आहे का? नव्हतं. चार बोटं, मागे गादी, नखांची खूण नाही. मग त्यांनी सांगितलं की मांजराच्या कुळातले प्राणी चालताना नखं आत ओढून घेतात म्हणून ठशात नखं दिसत नाहीत, कुत्रा-लांडग्याची बाहेरच असतात म्हणून टोचलेली दिसतात, तेव्हा हा रानमांजराचा. धाकटा तिथेच चिखलात हात टेकवून स्वतःचा ठसा काढून बघायला लागला आणि म्हणाला माझी नखं उमटतायत, म्हणजे मी कुत्रा! सगळे हसले. मोठीने वहीत ठशाचं चित्र काढलं, मोजमाप लिहिलं, तारीख टाकली. पुढचे चार दिवस ही दोघं खाली बघूनच चालत होती. असं शिकणं वर्गात होत नाही, हे माझं ठाम मत आहे, आणि जे लोक म्हणतात फिरणं म्हणजे नुसती मजा, त्यांनी त्या काकांबरोबर एक सकाळ घालवावी.

पण म्हणून जो अभ्यास विकला तो मिळाला का, तर अजिबात नाही.

अभ्यासाचा तास दुपारी चारला, जेवणाच्या हॉलमध्ये. पहिली ते आठवीची मिळून चौदा मुलं, एका तासात, एका मुलीकडे. ती बिचारी कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, मनापासून धडपडत होती, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. प्रत्येकाची शाळा वेगळी, बोर्ड वेगळं, पुस्तक वेगळं, कुणाचा कुठला धडा चालू आहे तिला माहीत असायचं काही कारणच नव्हतं, कारण बुकिंगच्या वेळी कंपनीने आम्हाला फक्त इयत्ता विचारली होती. ती मला तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ताई, मला आठवडाभर आधी कळलं असतं ना कोण काय शिकतंय तर मी काहीतरी तयारी करून आले असते." मोठीला अपूर्णांकांचं वर्कशीट मिळालं खरं, पण त्यात होतं काय, तर गोलाचे चार भाग केलेत, त्यातले तीन रंगवा. हे तिचं आधीच्या वर्षी होऊन गेलेलं. तिने दहा मिनिटांत रंगवून टाकलं आणि पन्नास मिनिटं खिडकीबाहेर बघत बसली. ॲपमध्येही तेच, बरोबर उत्तराला चांदण्या पडतात, पण चुकलं तर का चुकलं ते सांगत नाही. धाकट्याला तर चौथ्या दिवसापासून मी पाठवलंच नाही, त्याऐवजी तो काकांबरोबर मुंग्यांची रांग कुठून कुठे जाते ते बघत बसला.

आता परत आल्यानंतरचं सांगते, कारण रिव्ह्यू लिहिणारे सहसा टूर संपली की थांबतात आणि या पॅकेजची खरी परीक्षा तर शाळा सुरू झाल्यावरच होते.

रविवारी रात्री पोचायला साडेअकरा झाले. पॅकेजच्या वेळापत्रकात नऊ लिहिलं होतं. सोमवारी सकाळी दोघं पेंगत शाळेत गेली. ज्या कंपनीला माहीत आहे की ही सगळी मुलं दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात बसणार आहेत त्यांनी परतीचा प्रवास शनिवारी ठेवायला हवा, रविवार मोकळा सोडायला हवा. हे सोपं आहे आणि कुणीही करू शकेल.

मंगळवारी मोठीची गणिताची वही बघितली. १/२ + १/३ आणि समोर तिने लिहिलं होतं २/५. वरचे दोन मिळवले, खालचे दोन मिळवले. खाली अशीच आणखी सहा गणितं, सगळी त्याच पद्धतीने, सुवाच्य अक्षरात, सगळी चूक. तिला वाटत होतं आपल्याला येतंय. वर्गातली बाकीची मुलं तोपर्यंत वेगवेगळ्या छेदांची वजाबाकी करत होती, हिची पहिली पायरीच नव्हती.

मी कागदाची एक पट्टी घेतली, सहा सारखे भाग केले. अर्धी पट्टी रंगव म्हटलं, तिने तीन भाग रंगवले. आता एक तृतीयांश किती, तर दोन भाग. तेही रंगवले. किती झाले, पाच, सहापैकी पाच. ती बराच वेळ त्या पट्टीकडे बघत राहिली, मग स्वतःच्या वहीतल्या २/५ कडे, आणि म्हणाली, "आई, पण अर्ध्यात काहीतरी मिळवलं तर उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं येईल?" मला त्या क्षणी एवढं बरं वाटलं की काय सांगू. हा प्रश्न तिच्या वर्गात त्या सोमवारी कुणीतरी विचारला असणार आणि मॅडमनी फळ्यावर दाखवलं असणार. हिला तो आठ दिवस उशिरा मिळाला, आणि मिळाला कारण मॅडमनी मला आधी सांगितलं होतं की नेमकं काय बुडणार आहे. नाहीतर मी वही उघडूनही बघितली नसती, पाच दिवसांत काय होतंय म्हणून. आणि तशीही तिची गाडी रुळावर यायला आम्हाला रोज अर्धा तास धरून जवळजवळ दोन आठवडे लागले.

म्हणून मला दिवस मोजायची पद्धत पटेनाशी झालीय. भारतात शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवी वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरायला हवी, सहावी ते आठवी २२०. २०० मधले पाच म्हणजे अडीच टक्के, काहीच नाही असं वाटतं. अमेरिकेत वर्षातले १० टक्के किंवा जास्त दिवस बुडाले की त्या मुलाला सतत गैरहजर समजतात, १८० दिवसांच्या वर्षात ते १८ दिवस होतात, त्या मानानेही आमचे पाच कुठेच बसत नाहीत. पण ते पाच दिवस कुठले, यावर सगळं आहे. उजळणीच्या आठवड्यात दहा दिवस गेलात तरी एक वेळ चालेल, नवीन गोष्ट सुरू होते त्या दिवशी एकच दिवस नसलात तरी पुढचं सगळं डगमगतं. आणि ताप काही विचारून येत नाही, ट्रिपची तारीख मात्र आपल्या हातात असते, एवढा फायदा आपण का घालवायचा?

धाकट्याचं अभ्यासाचं काहीच बिघडलं नाही. त्याचं वेगळंच झालं. त्याच्या बाईंनी त्या आठवड्यात मुलांच्या जागा बदलल्या आणि त्याचा जिवलग दोस्त दुसऱ्याच्या शेजारी गेला. पहिलीतल्या मुलाला हे केवढं मोठं असतं. तीन दिवस सकाळी पोट दुखतंय म्हणत होता. शेवटी बाईंना सांगितलं, त्यांनी मधल्या सुट्टीत दोघांना एक काम दिलं आणि मिटलं. याला कुठलाही अभ्यास पॅक पुरा पडत नाही.

मोठीने मात्र यावेळी रानमांजराच्या ठशाचं चित्र वर्गात नेलं. उघडपणे. मॅडमनी तिला पाच मिनिटं बोलू दिलं, फळ्यावर कुत्र्याचा आणि मांजराचा ठसा काढायला लावला, आणि ते चित्र आठवडाभर वर्गात लावलेलं होतं. घरी आली तेव्हा सरळ गेली आणि खिडकीतला तो जुना गोटा उचलून दप्तरात टाकला, म्हणाली उद्या हाही नेते.

तर माझे स्टार असे. जागा आणि गाइड, पाचपैकी पाच. बुकिंगची सर्व्हिस तीन, खोटं बोलायच्या सल्ल्याचे दोन कापलेत. परतीची वेळ, दोन. अभ्यास पॅक, एक, तोही त्या मुलीच्या मेहनतीसाठी, विकत घेऊ नका. त्यापेक्षा शाळेत जाऊन प्रत्येक विषयाचं त्या आठवड्यात नेमकं काय होणार आहे ते लिहून आणा, एक पान पुरतं, फुकट मिळतं. बोर्डाचं वर्ष असेल, मूल नुकतंच शाळा बदलून आलं असेल किंवा आजारपणामुळे आधीच बरेच दिवस बुडाले असतील तर मी तरी नेणार नाही, कितीही स्वस्त मिळू दे.

एक गोष्ट कंपन्यांनाही सांगायचीय. सुट्टीत दर वाढतात कारण सगळी घरं एकाच आठवड्यात बाहेर पडतात. फ्रान्समध्ये देशाचे तीन भाग करून हिवाळ्याची आणि वसंतातली सुट्टी वेगवेगळ्या आठवड्यांत देतात, नेदरलँड्समध्येही तीन भाग आहेत, जर्मनीत उन्हाळ्याची सुट्टी राज्यागणिक मागेपुढे लागते. ते सरकारांचं काम झालं, टूर कंपनीच्या हातात ते नाही हे मला कळतं. पण शाळेच्या दिवसांतलं पॅकेज विकायचंच असेल तर टर्मचा पहिला आठवडा आणि परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस तरी विकू नका. शाळेने रजा नाकारल्याचं पत्र दाखवलं तर तारीख बदलून द्या.

परवा त्यांचा फोन आला होता, पुढच्या टर्मसाठी अर्ली बुकिंग चालू आहे म्हणून. मी म्हटलं गाइड काका तेच असतील तर यायची इच्छा आहे, पण दोन गोष्टी लेखी द्या, तारीख बदलायची सोय आणि शनिवारची परती. सीनियरना विचारून कळवतो म्हणाला. तोवर मी मुलीच्या मॅडमना विचारून ठेवलंय, पुढच्या टर्ममध्ये त्यांचा उजळणीचा आठवडा तिसऱ्या महिन्याच्या शेवटी येतो.